बदकाचे मांस आणि अंडी : कुट्टनाडचा बाजार कसा चालतो?

आपल्या समाजातील अनेक बांधव कोंबडी, मटण, अंडी आणि बेकरीच्या व्यवसायात आहेत. कोंबडीच्या भावाची चढउतार, अंड्यांच्या गाड्या, श्रावणातली मंदी, लग्नसराईतली तेजी या गोष्टी त्यांना नव्याने सांगायला नकोत. परंतु बदकाच्या व्यापाराविषयी आपल्याकडे फारशी माहिती नाही. "बदक कोण खातो?" असे म्हणून तो विषय सोडून दिला जातो. प्रत्यक्षात 2019 च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 3 कोटी 35 लाख बदके आहेत. 2012 च्या गणनेत ती सुमारे 2 कोटी 35 लाख होती. म्हणजे सात वर्षांत एक कोटीची भर पडली. पश्चिम बंगाल आणि आसाम ही राज्ये यात सर्वांत पुढे आहेत. केरळ संख्येने त्यांच्या मागे आहे. तरीही बदकांचा व्यापार म्हणून जो प्रदेश सर्वत्र ओळखला जातो तो केरळमधलाच, आणि त्याचे नाव कुट्टनाड.

या प्रदेशात मालाचा पुरवठा कसा होतो, मागणी केव्हा वाढते, भाव कशाने ठरतो आणि व्यापाऱ्याचे भांडवल नेमके कोठे बुडते, हे समजून घेतले तर नाशवंत आणि जिवंत मालाचा व्यापार करणाऱ्या कोणालाही त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

प्रदेश आणि पाणी

कुट्टनाड हा मुख्यतः अलप्पुळा जिल्ह्यातला, तसेच कोट्टयम आणि पत्तनमतिट्टा जिल्ह्यांच्या लगतच्या भागातला सखल मुलूख. पंबा, मणिमला, अच्चनकोविल आणि मीनच्चिल या नद्या येथून वेंबनाड सरोवराला मिळतात. येथील बरीचशी भातशेती समुद्रसपाटीच्या एक-दोन मीटर खाली आहे. भोवती बांध घालून, आतले पाणी पंपाने उपसून भात पिकवले जाते. अशा बांधबंदिस्त शेतांच्या समूहाला तेथे 'पाडशेखरम' म्हणतात. या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2013 साली जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

जेथे भात आणि पाणी एकत्र आहे तेथे बदक सुखाने राहते. भाताची कापणी झाली की शेतात दाणे सांडलेले असतात. त्यावर पाणी सोडले की गोगलगायी, किडे, लहान मासे आणि पाणवनस्पती यांचीही भर पडते. बदकांचा कळप या शेतात सोडला की त्याला खाद्य विकत आणून घालावे लागत नाही. शेतकऱ्याचाही फायदा होतो, कारण शेतातली कीड आणि तण कमी होते व बदकांच्या विष्ठेचे खत मिळते. मात्र आता शेतात बदके सोडण्यासाठी बदकवाल्याला पाडशेखरमच्या समितीला भाडे द्यावे लागते. पूर्वी जी सोय होती तिचा आता सौदा झाला आहे.

माल कसा तयार होतो?

कुट्टनाडात दोन देशी जाती पाळल्या जातात, 'चारा' आणि 'चेंबल्ली'. दोन्ही काटक, दूरवर चालणाऱ्या आणि शेतात स्वतःचे पोट भरणाऱ्या आहेत. चांगली चराई मिळाली तर देशी मादी वर्षाला साधारण 180 ते 200 अंडी देते. खाकी कॅम्पबेल ही विदेशी जात चांगल्या व्यवस्थेत वर्षाला 300 च्या आसपास अंडी देऊ शकते. मांसासाठी पांढरी पेकिन आणि व्हिएतनामहून आलेली विगोवा या जाती वापरल्या जातात. पेकिन जातीचे पिल्लू पुरेसे खाद्य मिळाले तर सहा-सात आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचे होते. देशी बदकाला दीड किलोच्या आसपास यायला तीन-चार महिने लागतात. पण देशी बदक शेतात फुकट चरते, पेकिनला विकतचे खाद्य लागते. हा फरक पुढे भावाच्या हिशेबात महत्त्वाचा ठरतो.

बदकाचे अंडे उबायला 28 दिवस लागतात. कोंबडीला 21 दिवस पुरतात. मादी पाच-सहा महिन्यांची झाली की अंडी देऊ लागते. ती बहुतेक अंडी पहाटेपासून सकाळी नऊच्या आत देते. म्हणून कळप रात्री एका जागी जाळीच्या कुंपणात कोंडतात आणि अंडी गोळा झाल्यावरच चरायला सोडतात. ज्या कळपाला फार लवकर सोडले जाते त्याची अंडी शेतात आणि पाण्यात हरवतात.

कळप पाचशे-हजारांपासून अनेक हजारांपर्यंत असतात. कुट्टनाडात भाताच्या दोन मुख्य कापण्या होतात. 'पुंजा' पिकाची कापणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, तर दुसऱ्या पिकाची सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. एका शेतातले दाणे संपले की कळप दुसऱ्या शेतात जातो. जवळपासची शेते संपली की बदके लॉरीत भरून त्रिशूरच्या कोळ जमिनीत, तमिळनाडूत आणि कर्नाटकातही नेली जातात. तेथे कापणीचे हंगाम वेगळे असतात. राखणारी माणसे कळपाबरोबर जातात, शेताच्या कडेला झोपडी घालून राहतात आणि महिनोन्‌महिने घरी परतत नाहीत. म्हणजे हा व्यवसाय एका गावात बसून होत नाही. जेथे कापणी तेथे कळप, असा त्याचा नियम आहे.

फुकटच्या दाण्याचे महत्त्व

यावर कोणी म्हणेल की एवढी पायपीट कशाला, बदके एका जागी बांधून खाद्य का घालू नये? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. खालील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, ते बाजारभाव नव्हेत.

समजा एखाद्याकडे हजार माद्या आहेत. पूर्ण खाद्यावर ठेवलेली बदक दिवसाला सुमारे 130 ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे हजारांना रोज 130 किलो लागले. खाद्य 30 रुपये किलो धरले तर रोजचा खर्च 3,900 रुपये. आता शेकडा 50 माद्या अंडी देत आहेत असे धरू. रोज 500 अंडी मिळाली. अंड्याला 8 रुपये भाव मिळाला तर उत्पन्न 4,000 रुपये. हातात राहिले 100 रुपये. त्यात राखणाऱ्यांची मजुरी, लस, औषध, मरतूक आणि फुटलेली अंडी यांपैकी काहीच बसत नाही. त्यातच बदके वर्षातून एकदा पिसे टाकतात. त्या काळात अंडी जवळजवळ बंद होतात, पण पोट मात्र चालूच राहते.

हाच कळप कापलेल्या शेतात असेल तर खाद्याचा खर्च बराचसा वाचतो आणि त्याऐवजी शेताचे भाडे व मजुरी द्यावी लागते. यावरून हे स्पष्ट होते की कुट्टनाडच्या बदकवाल्याचे खरे भांडवल बदक नसून शेतात सांडलेला दाणा आहे. दाणा मिळाला तर धंदा आहे, नाहीतर नुकसान. म्हणूनच कापणी लांबली, पुराने पीक गेले, शेतात जहाल कीटकनाशक मारलेले असले किंवा भाडे वाढले की अंड्यांच्या पुरवठ्यावर लगेच परिणाम होतो. 2018 च्या जुलै-ऑगस्टमध्ये केरळात आलेल्या महापुरात कुट्टनाड पाण्याखाली गेले तेव्हा हे फार कडवटपणे अनुभवाला आले.

मागणी केव्हा आणि कोणाची?

आता मागणीकडे वळू. केरळात बदकाच्या मांसाची मोठी मागणी ख्रिस्ती घरांतून येते. नाताळ आणि ईस्टर या दोन सणांना बदकाचे रोस्ट किंवा नारळाच्या दुधातले 'मप्पास' हे पक्वान्न ठरलेले असते. वर्षभर हॉटेलांतून, जलविहाराच्या नौकांवरच्या स्वयंपाकातून आणि रस्त्याकडेच्या खानावळींतून काही प्रमाणात खप चालू असतो. परंतु भावाची खरी उसळी सणाच्या तोंडावरच येते.

यात एक गोष्ट आपल्या व्यापाऱ्यांना चटकन समजेल. केरळातील अनेक ख्रिस्ती कुटुंबे नाताळापूर्वी 25 दिवस आणि ईस्टरपूर्वी 50 दिवस व्रत पाळतात व त्या काळात मांस वर्ज्य करतात. आपल्याकडे श्रावणात कोंबडीचा उठाव कमी होतो आणि श्रावण संपताच दुकानासमोर रांग लागते, तसाच हा प्रकार आहे. सणाआधी काही आठवडे उठाव मंद आणि नंतर दोन-तीन दिवसांत सर्वांना एकदम माल हवा. ज्याने मंदीच्या काळात घाबरून माल विकला तो तेजीला मुकतो. ज्याने तेजीच्या आशेने जास्त माल धरून ठेवला त्याच्याकडे सण उलटल्यावर खाणारी तोंडे शिल्लक राहतात.

नाताळची तारीख ठरलेली आहे. 25 डिसेंबरच्या आधी चार-पाच दिवस माल तयार हवा असेल तर साडेतीन-पावणेचार महिने वाढीचे आणि 28 दिवस उबवणीचे मागे मोजावेत. म्हणजे जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अंडी उबवणीला बसली पाहिजेत. पिल्ले ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला निघतात आणि बरोबर दुसऱ्या पिकाच्या कापणीच्या वेळी शेतात उतरतात. निसर्गाचा आणि बाजाराचा मेळ असा बसला आहे. ईस्टरचे मात्र तसे नाही. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. 2024 साली तो 31 मार्चला होता, 2025 साली 20 एप्रिलला. तीन आठवड्यांचा हा फरक लक्षात न घेता ठरावीक महिन्यात पिल्ले भरणाऱ्याचा हिशेब चुकतो. ईदच्या चंद्राप्रमाणे माल भरण्याची सवय असलेल्या आपल्या बांधवांना या अडचणीची चांगली कल्पना येईल.

अंड्यांची मागणी मांसापेक्षा सपाट आहे. बदकाचे अंडे साधारण 65 ते 70 ग्रॅमचे असते, कोंबडीचे 50 ते 55 ग्रॅमचे. बदकाच्या अंड्यातला पिवळा बलक मोठा आणि अधिक स्निग्ध असतो. केरळात ते आमटीत, ऑम्लेटमध्ये आवडीने खातात आणि अनेक घरांत ते अधिक पौष्टिक मानले जाते. केकमध्ये ते चांगले उतरते, म्हणून काही बेकरीवाले ते मुद्दाम मागवतात.

भाव योग्य की अयोग्य, कसे ओळखावे?

गिऱ्हाईक नेहमी म्हणते की बदकाचे अंडे महाग आहे. व्यापाऱ्याने वजनावर हिशेब करावा. कोंबडीचे अंडे 55 ग्रॅमचे आणि भाव 6 रुपये असेल तर त्याच दराने 70 ग्रॅमच्या अंड्याची किंमत सुमारे 7 रुपये 65 पैसे होते. बदकाचे अंडे 8 रुपयांना मिळाले तर ते महाग नव्हे. 11-12 रुपये असतील तर वरचे तीन-चार रुपये हे चवीचे, आवडीचे किंवा टंचाईचे आहेत. टंचाईचा भाव कापणी सुरू झाली की उतरतो. आवडीचा भाव टिकतो. खरेदी करताना आपण कोणता भाव देत आहोत हे ओळखता आले पाहिजे.

मांसाचेही तसेच आहे. बदकाची हाडे जड, कातडीखाली चरबीचा थर आणि पिसे दाट. जिवंत वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश इतके साफ मांस पदरात पडते. दीड किलोचे बदक घेतले तर साफ होऊन एक किलोच्या आसपास उतरते. म्हणजे समजा जिवंत पक्ष्याला 300 रुपये मोजले तर साफ मांसाची किंमत सुरुवातीलाच किलोला 300 रुपये झाली. वरची मजुरी वेगळी, आणि ती कोंबडीपेक्षा जास्त धरावी लागते. बदकाची पिसे तेलकट व घट्ट असतात. नवी कोवळी पिसे फुटत असताना ती उपटणे फारच किचकट होते आणि कातडीवर काळे ठिपके राहतात. म्हणून जाणकार विक्रेता पक्षी घेताना पंखाखाली फुंकर घालून कोवळी पिसे पाहतो.

बदक हा हलाल पक्षी आहे आणि जबहचे नियम इतर पक्ष्यांप्रमाणेच आहेत. एक काळजी मात्र घ्यावी. पिसे लवकर निघावीत म्हणून गरम पाण्यात टाकण्याची घाई होते. रक्त पूर्ण वाहून पक्षी पुरता थंड झाल्याशिवाय तो पाण्यात टाकू नये. धर्माच्या दृष्टीने आणि मांसाच्या प्रतीच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

उचल देणारा आणि घेणारा

बदकवाल्याला पिल्ले विकत घेण्यासाठी, शेताच्या भाड्यासाठी आणि पहिल्या काही आठवड्यांच्या खाद्यासाठी रोख पैसा लागतो. उत्पन्न मात्र पाच-सहा महिन्यांनी सुरू होते. ही दरी भरून काढतो तो व्यापारी किंवा दलाल. तो उचल देतो आणि बदल्यात अंडी व पक्षी आपल्यालाच विकण्याची अट घालतो. भाव त्या वेळच्या बाजारभावापेक्षा थोडा कमी धरला जातो. व्याज उघड घेतले जात नाही, ते भावातून वसूल होते.

वरवर पाहता यात व्यापाऱ्याचा फायदाच फायदा दिसतो. पण तसे नाही. उचल दिलेला पैसा शेकडो बदकांच्या रूपाने परमुलखातल्या शेतात फिरत असतो. त्याला तारण नाही. कळप बाधित झाला तर बदकवाला देशोधडीला लागतो आणि व्यापाऱ्याची उचल कागदावर राहते. आणि असे संकट येते ते बहुधा माल सर्वांत जास्त असताना.

बर्ड फ्लूचा फटका

केरळात बर्ड फ्लूची पहिली मोठी लाट नोव्हेंबर 2014 मध्ये आली. त्यानंतर 2016 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जानेवारी 2021 मध्ये, डिसेंबर 2021 मध्ये, 2022 च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये आणि पुन्हा एप्रिल 2024 पासून ही साथ आली. या तारखांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक वेळा साथ हिवाळ्याच्या तोंडावर येते. याच काळात उत्तरेकडून स्थलांतरित पक्षी वेंबनाडच्या पाणथळीत उतरतात आणि याच काळात नाताळसाठी बदकवाल्यांचे कळप भरलेले असतात. रानपक्षी आणि पाळीव बदके एकाच पाण्यात चरतात. विषाणूला यापेक्षा सोयीची जागा कोणती?

सरकारी नियमानुसार रोग निश्चित झालेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतले सर्व पाळीव पक्षी नष्ट केले जातात, मग ते निरोगी असोत वा आजारी. दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते आणि पक्षी, अंडी, मांस, खत यांच्या वाहतुकीवर व विक्रीवर बंदी येते. नष्ट केलेल्या पक्ष्यांबद्दल भरपाई मिळते. केरळात 2021 च्या साथीत दोन महिन्यांवरील पक्ष्याला 200 रुपये, त्याहून लहान पिल्लाला 100 रुपये आणि अंड्याला 5 रुपये असा दर होता. तयार बदकाचा सणातला भाव आणि ही भरपाई यांतले अंतर पाहिले म्हणजे बदकवाल्याचे नुकसान किती ते कळते.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांच्या मालकाला मिळते. व्यापाऱ्याने दिलेली उचल, हॉटेलवाल्याशी केलेला करार, ठरवलेली लॉरी, रिकामे पडलेले दुकान यांची भरपाई नाही. शिवाय ज्यांच्या कळपाला रोग झालाच नाही त्यांचेही गिऱ्हाईक पळते. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला तेव्हा तेथून शेकडो कोस दूर असलेल्या दुकानांतही कोंबडी कोणी घेईना, हे आपल्या अनेक वाचकांनी स्वतः भोगले आहे. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यात साथ आली तेव्हाही भीतीने बाजार पाडला. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही, 70 अंश तापमानाला तो मरतो. परंतु ही गोष्ट गिऱ्हाइकाला पटेपर्यंत हंगाम निघून जातो.

2024 च्या साथीनंतर केरळ सरकारने अलप्पुळा, कोट्टयम आणि लगतच्या भागांत 2024 च्या अखेरपर्यंत पक्षिपालनावर निर्बंध घातले. रोगाची साखळी तोडणे आवश्यक होते यात शंका नाही. पण ज्याचे पोट कळपावर आहे त्याला त्या वर्षीचा नाताळ रिकाम्या हाताने काढावा लागला. पुरवठा असा तुटला की बाहेरच्या राज्यांतला माल आणि गोठवलेले मांस त्या जागी येते. एकदा हॉटेलवाल्याला त्याची सवय लागली की जुना पुरवठादार पुन्हा उभा राहणे कठीण होते.

बंगाल, आसाम आणि पिसांचा धंदा

बंगाल आणि आसामचा बाजार याहून वेगळा आहे. तेथे मोठे फिरते कळप कमी, घरोघरी तळे आणि तळ्यात पाच-दहा बदके हा प्रकार जास्त. ती बहुधा घरातल्या स्त्रिया पाळतात. गावोगाव फिरून अंडी व पक्षी गोळा करणाऱ्या व्यापाऱ्याला तेथे पैकार म्हणतात. हिवाळ्यात बदक चरबीने भरते म्हणून मांसाला त्या दिवसांत मागणी असते. बंगालमध्ये एके काळी अनेक हिंदू घरांत कोंबडीचे अंडे निषिद्ध मानत, पण बदकाचे चालत असे. त्यामुळे तेथे बदकाच्या अंड्याचा बाजार जुना आणि पक्का आहे. पुरवठा घरोघरी विखुरलेला असल्याने एका साथीत सर्व बुडण्याची भीती कमी, पण एकगठ्ठा माल मिळणे अवघड.

कारागीर बांधवांसाठी येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातील उलुबेडिया परिसरात बॅडमिंटनची फुले, म्हणजे शटलकॉक, बनवण्याचा हस्तव्यवसाय आहे. एका फुलाला 16 पिसे लागतात आणि ती सर्व एकाच बाजूच्या पंखाची असावी लागतात, नाहीतर फूल हवेत नीट फिरत नाही. पिसे पांढरी आणि सारख्या वाकाची हवीत. एका पंखातून अशी निवडक थोडीच पिसे निघतात. यावरून कच्च्या मालाची गरज किती मोठी असते याची कल्पना येईल. तेथील कारागिरांना चिनी मालाशी आणि प्लॅस्टिकच्या फुलांशी स्पर्धा करावी लागते. वर बर्ड फ्लू आला की पिसांच्या वाहतुकीवरही बंदी येते आणि कारागिराचे हात रिकामे राहतात.

कुट्टनाडात बदके पुष्कळ, मग तेथील पिसे का वापरत नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. चारा आणि चेंबल्ली ही बदके तपकिरी-काळसर असतात. पांढऱ्या पिसाची मागणी ती पुरी करू शकत नाहीत. एका ठिकाणी माल पडून आहे आणि दुसऱ्या ठिकाणी टंचाई आहे, असे वरवर दिसत असले तरी तो माल एकच नसतो. प्रत पाहिल्याशिवाय पुरवठा आणि मागणी यांची बेरीज-वजाबाकी करू नये, हा धडा कोणत्याही धंद्याला लागू आहे.

आपल्या राज्यात काय शक्य आहे?

महाराष्ट्रात बदकाची मागणी मर्यादित असली तरी अगदीच नाही असे नाही. वसई आणि मुंबईच्या परिसरातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजात बदकाचे 'मोईल' सणासमारंभाला करतात. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली मल्याळी व बंगाली कुटुंबे आहेत. चिनी पद्धतीच्या मोठ्या हॉटेलांनाही बदक लागते. म्हणजे गिऱ्हाईक आहे, पण विखुरलेले आणि हंगामी आहे.

पुरवठ्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. कोकणात आणि भंडारा-गोंदिया भागात भात आहे, तळी आहेत, म्हणून कुट्टनाडसारखा धंदा येथेही होईल असे अनेकांना वाटते. परंतु कोकणात बहुतेक ठिकाणी भाताचे पीक एकदाच येते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळी कापणी जवळजवळ एकाच वेळी होते. सांडलेला दाणा महिना-दीड महिना पुरेल. पुढचे दहा महिने काय? कुट्टनाडचा कळप लॉरीत बसून दुसऱ्या राज्याच्या कापणीला जातो. ती साखळी आपल्याकडे नाही. म्हणून येथे सुरुवात करायची तर घराजवळच्या तळ्यावर पन्नास-शंभर बदकांपासून करावी. स्वयंपाकघरातले उरलेले अन्न, मासळी बाजारातला टाकाऊ माल आणि तांदळाचा कोंडा यांवर खर्च भागतो का, ते आधी पाहावे.

या व्यापारात पडू इच्छिणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. गिऱ्हाईक आधी, माल नंतर. किती नग, कोणत्या तारखेला, किती वजनाचे, हे हॉटेलवाल्याकडून लिहून घ्यावे व काही रक्कम आगाऊ घ्यावी.

2. उचल एकाच कळपवाल्याला देऊ नये. तीच रक्कम वेगवेगळ्या भागांतल्या तिघा-चौघांत विभागावी. साथ आली तर एक बुडेल, चौघे बुडणार नाहीत.

3. रोग, पूर किंवा सरकारी बंदी आल्यास उचलीचे काय होईल हे सुरुवातीलाच दोन साक्षीदारांसमोर लिहावे. संकट आल्यावर भांडण्यापेक्षा आधी लिहिलेला एक कागद बरा.

4. खाद्य देताना बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका कधीही घालू नये. बुरशीच्या विषाने बदके कोंबड्यांपेक्षा फार लवकर मरतात. स्वस्त पेंडीने पूर्ण कळप गेल्याचे प्रकार होतात.

5. बदकाची अंडी ओल्या, चिखलाच्या जागेवर पडतात. त्यामुळे त्यांत रोगजंतू शिरण्याचा संभव अधिक. गव्हाणीत कोरडा पेंढा घालावा, अंडी सकाळीच उचलावीत, तडकलेली वेगळी काढावीत आणि गिऱ्हाइकाला पूर्ण शिजवूनच खाण्यास सांगावे. बेकरीवाल्यांनी कच्च्या क्रीमसाठी ही अंडी वापरू नयेत.

6. बदकांचा प्लेग आणि कॉलरा यांच्या लसी वेळेवर टोचून घ्याव्यात. पशुवैद्यकीय दवाखान्यातली नोंद जपून ठेवावी. भरपाईची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

7. पक्षी पटापट मरू लागले तर गुपचूप विकून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळावा. आजारी माल दुसऱ्याच्या गळ्यात मारणे ही फसवणूक आहे. शिवाय रोग पसरला तर सगळी पेठ बंद पडते आणि त्यात आपले दुकानही येते. त्याच दिवशी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. मेलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळण्याचा भरवसा नसतो, जिवंत असताना नष्ट केलेल्यांची मिळते. म्हणजे लवकर कळवण्यात प्रामाणिकपणा आहे आणि हिशेबही आहे.

कुट्टनाडच्या बदकवाल्याची गोष्ट ही केवळ दूरच्या प्रदेशाची गोष्ट नाही. आपल्यापैकी जो जो सणाच्या आशेवर माल भरतो, उधारीवर माल देतो आणि जिवंत मालावर पोट भरतो, त्या प्रत्येकाची ती गोष्ट आहे. भाव मागणीने वाढतो हे सर्वांना माहीत असते. पण पुरवठा कशावर उभा आहे हे फार थोडे लोक पाहतात. कुट्टनाडात तो शेतात सांडलेल्या दाण्यावर उभा आहे. आपल्या धंद्यातला तो दाणा कोणता, आणि तो उद्या मिळाला नाही तर आपण काय करणार, याचा विचार प्रत्येक व्यापाऱ्याने आजच करून ठेवावा.